रेडिओवरून वर्गणी मागताना

अमेरिकेत श्रोत्यांच्या देणग्यांवर चालणारी जी लहान रेडिओ केंद्रे आहेत, त्यांच्यावर वर्षातून दोन-तीन वेळा निधिसंकलनाची मोहीम चालते. त्या आठवडा-दहा दिवसांत नेहमीचे कार्यक्रम सुरूच असतात, पण तासातून दोन-तीनदा गाणे किंवा चर्चा थांबते आणि मायक्रोफोनसमोर बसलेली दोन माणसे श्रोत्यांशी पैशांविषयी बोलू लागतात. या बोलण्याला केंद्रावरची मंडळी 'पिच' म्हणतात. सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेला, ज्या भागात मी बरीच वर्षे राहते आहे, तिथल्या अशाच एका केंद्राच्या ऑक्टोबर २०२५ मधील मोहिमेत मी आधी फोनवर आणि मग प्रत्यक्ष प्रक्षेपणात स्वयंसेवक म्हणून बसले. त्या कामाविषयी तपशिलाने लिहावेसे वाटले, कारण लोकांकडे पैसे मागणे या गोष्टीविषयी माझ्या मनात जो संकोच होता तो या कामाने पार बदलून टाकला.

आधी या पद्धतीचा उगम सांगायला हवा, कारण मोहिमेत बसणाऱ्या प्रत्येकाला तो सांगितला जातो आणि श्रोतेही त्याबद्दल विचारतात. आमच्यापासून तासाभराच्या अंतरावर असलेल्या बर्कली शहरात १५ एप्रिल १९४९ रोजी केपीएफए हे केंद्र सुरू झाले. ते उभे करणारे लुइस हिल हे दुसऱ्या महायुद्धात शस्त्र हाती घेण्यास नकार दिलेले शांततावादी होते. जाहिरातदार पैसे देतो तेव्हा कार्यक्रम कोणासाठी करायचा हे अखेरीस जाहिरातदारच ठरवतो, म्हणून केंद्राचा खर्च ऐकणाऱ्यांनीच उचलावा, असे त्यांचे म्हणणे होते. ऐकणाऱ्यांपैकी शंभरातल्या दोघांनी जरी वर्षाला दहा डॉलर दिले तरी केंद्र चालेल, असा त्यांचा हिशेब होता. प्रत्यक्षात ऑगस्ट १९५० मध्ये पैसे संपले आणि केंद्र बंद पडले. पण तोवर ज्यांना त्याची सवय लागली होती त्या श्रोत्यांनीच बैठका घेतल्या, निधी गोळा केला आणि मे १९५१ मध्ये केंद्र पुन्हा सुरू झाले. आज देशभरातली लहानमोठी केंद्रे ज्या रीतीने श्रोत्यांकडे देणगी मागतात, तिची मुळे या घडामोडीत आहेत. मला या इतिहासातला सर्वांत मोलाचा भाग वाटतो तो केंद्र बंद असतानाचा, कारण प्रक्षेपण नसताना, ऐकायला काहीही मिळत नसताना लोकांनी पैसे दिले.

आमचे केंद्र त्या मानाने फारच लहान आहे. बहुतेक कार्यक्रम सादर करणारे विनावेतन काम करतात. जुन्या चर्चसंगीतापासून मेक्सिकन लोकगीतांपर्यंत आणि शेतमजुरांच्या प्रश्नांवरील चर्चेपासून हिंदुस्थानी शास्त्रीय संगीतापर्यंत सारे तिथे ऐकायला मिळते. हा शास्त्रीय संगीताचा कार्यक्रम मी वर्षानुवर्षे ऐकत आले. तो सादर करणारे गृहस्थ अमेरिकन आहेत. उस्ताद अली अकबर खाँ यांनी १९६७ मध्ये बर्कलीत स्थापन केलेल्या आणि पुढे सॅन राफाएलला हलवलेल्या संगीत विद्यालयात ते तरुणपणी सरोद शिकले. मोहिमेच्या आधीच्या एका कार्यक्रमात त्यांनी स्वयंसेवक हवे असल्याचे सांगितले आणि मी केंद्राच्या समन्वयक बाईंना फोन केला.

पहिली भेट ही माहितीची बैठक होती. केंद्राच्या मागच्या खोलीत आम्हा नव्या स्वयंसेवकांना समन्वयक बाईंनी आधी खर्चाचा कागद दिला आणि मगच बोलायचे कसे ते सांगितले. डोंगरावरच्या मनोऱ्यावर प्रक्षेपक बसवला आहे, त्या जागेचे भाडे, प्रक्षेपकाचे वीजबिल, स्टुडिओचे भाडे, विमा, संगीताच्या स्वामित्वशुल्काची रक्कम, इंटरनेटवरून कार्यक्रम ऐकवण्याचा खर्च, जुन्या यंत्राच्या दुरुस्तीसाठी बाजूला काढलेला निधी, असे सारे त्यावर होते. बाई म्हणाल्या, "हा कागद ज्याला समजला नाही त्याने मायक्रोफोनवर बसू नये." मला ती अट अतिशय योग्य वाटली.

त्यानंतर फोनची खोली. लांब टेबलावर फोन, प्रत्येक फोनशेजारी छापील अर्जांचा गठ्ठा आणि निळ्या शाईची पेने. अर्जावर देणगीदाराचे नाव, पत्ता, रक्कम, एकदाच देणार की दरमहा, कार्ड क्रमांक, भेटवस्तू हवी असल्यास कोणती, टी-शर्ट असेल तर त्याचे माप, नोकरीच्या ठिकाणी देणगीत भर घालण्याची योजना आहे का, आणि शेवटी नाव प्रक्षेपणात वाचायला परवानगी आहे का, एवढे रकाने. कार्ड क्रमांक लिहून झाल्यावर तो देणगीदाराला पुन्हा वाचून दाखवायचा, पण पुटपुटत नाही आणि शेजारच्याला ऐकू जाईल असाही नाही. भरलेला अर्ज टेबलावर राहू द्यायचा नाही, लगेच कुलपाच्या पेटीत टाकायचा. आकडे नेमके लिहिणे आणि पत्ता स्पष्ट लिहिणे या दोन गोष्टींवर सगळी मोहीम उभी असते. नुसते 'देईन' म्हणून सांगितलेली रक्कम पुढे पत्र पाठवून मिळवावी लागते आणि ती सगळी येतेच असे नाही, म्हणून फोनवरच कार्ड घेता आले तर घ्यावे, पण आग्रह करू नये, अशी सूचना होती.

नोकरीच्या ठिकाणच्या योजनेचा रकाना आमच्या भागात फार महत्त्वाचा आहे. इथल्या बऱ्याच तंत्रज्ञान कंपन्या कर्मचाऱ्याने एखाद्या सेवाभावी संस्थेला दिलेल्या देणगीइतकीच रक्कम आपल्याकडून घालतात. तरीही कित्येक जण तो अर्ज भरतच नाहीत, कारण त्यांना कोणी आठवण करून दिलेली नसते. "तुमच्या कंपनीत अशी सोय आहे का, तेवढे विचारून पाहाल का?" हे एक वाक्य फोनवर विनयाने विचारले की पलीकडचा माणूस क्षणभर थांबतो आणि म्हणतो, "अरे, आहे की!" इथल्या मराठी घरांतून कोणी हे वाचत असेल तर माझी कळकळीची विनंती आहे, की आपण महाराष्ट्र मंडळाला, मराठी शाळेला किंवा रेडिओला जी देणगी देतो तिच्यासाठी कंपनीचा तो अर्ज जरूर भरावा.

फोनवर लोक पैशांखेरीज पुष्कळ बोलतात, आणि ते ऐकून घेणे हाही कामाचा भाग असतो. त्या मोहिमेत एक प्रश्न वारंवार आला. जुलै २०२५ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने सार्वजनिक प्रसारणासाठी आधीच मंजूर केलेला १.१ अब्ज डॉलरचा निधी परत घेतला आणि १९६७ च्या कायद्यातून जन्मलेल्या कॉर्पोरेशन फॉर पब्लिक ब्रॉडकास्टिंग या संस्थेने ऑगस्टमध्ये काम गुंडाळत असल्याचे जाहीर केले. त्यामुळे लोक काळजीने विचारत, "आता तुमचे केंद्र बंद होणार का?" आमच्या केंद्राला ते अनुदान कधीच मिळत नव्हते, कारण त्यासाठी पगारी कर्मचारी आणि ठरावीक उत्पन्न असावे लागे आणि त्या अटींत आम्ही बसत नव्हतो. लोकांच्या काळजीचा फायदा घेऊन 'होय, आम्ही संकटात आहोत' असे म्हणणे सोपे होते. समन्वयक बाईंनी मात्र आम्हाला खरे तेच सांगायला लावले: आम्ही पूर्वीही तुमच्याच पैशांवर चालत होतो, आजही तसेच चालतो. खरे ऐकल्यावर लोकांनी देणगी कमी केली असे मला एकदाही दिसले नाही. उलट एका वृद्ध बाईंनी, आपण ग्रामीण भागातल्या ज्या केंद्राला देणगी देतो त्याचे अनुदान गेले आहे, तेव्हा या वर्षी त्याला जास्त आणि तुम्हाला नेहमीइतके, असे सांगून रक्कम लिहायला लावली. मी ते मनापासून मान्य केले.

एक फोन मराठीत आला. माझे आडनाव ऐकून पलीकडचे गृहस्थ म्हणाले, "ताई, तुम्ही आपल्याकडच्या का?" त्या सप्टेंबरात मराठवाड्यात पुराने शेती वाहून गेली होती, आणि त्या पूरग्रस्तांसाठी केंद्रावरून आवाहन करता येईल का, असे त्यांनी विचारले. प्रश्न माझ्या मनातलाच होता. पण अव्यावसायिक केंद्राने आपले कार्यक्रम थांबवून दुसऱ्या संस्थेसाठी निधी मागण्यावर फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनचे, म्हणजे इथल्या प्रसारण नियामकाचे, निर्बंध आहेत आणि अशा गोष्टीचा निर्णय एखादा स्वयंसेवक परस्पर घेऊ शकत नाही. मी त्यांना ते समजावून सांगितले, समन्वयक बाईंचा संपर्क दिला आणि केंद्राच्या बातमीपर कार्यक्रमात पुराविषयी बोलता येईल का ते विचारण्याचे कबूल केले. त्यावर ते म्हणाले, "ते तुम्ही बघालच. पण ही माझी नेहमीची देणगी लिहून घ्या, ती चुकवायची नाही."

नियमांविषयी आणखी थोडे, कारण प्रक्षेपणात बसण्याआधी तो पाठ पक्का करून घेतला जातो. एफएम पट्ट्यातला ८८ ते ९२ मेगाहर्ट्झचा भाग इथे अव्यावसायिक केंद्रांसाठी राखून ठेवलेला आहे आणि अशा केंद्राला जाहिरात करता येत नाही. एखाद्या दुकानाने मदत केली तर त्याचे आभार मानता येतात, त्याचे नाव, ठिकाण आणि ते काय विकते एवढे सांगता येते. पण त्याची वाखाणणी करता येत नाही, भाव सांगता येत नाही आणि 'तिथे जा' असेही म्हणता येत नाही. हे कागदावर सोपे वाटते, मोहिमेत ते पाळताना मनाला आवर घालावा लागतो. एका दाक्षिणात्य उपाहारगृहाने स्वयंसेवकांसाठी इडल्यांचे डबे पाठवले होते. इडल्या मऊसूत होत्या, चटणी ताजी होती, आणि आमच्यापैकी प्रत्येकाला ते प्रक्षेपणात सांगावेसे वाटत होते. सांगितले ते एवढेच, की अमुक रस्त्यावरच्या अमुक उपाहारगृहाने आज स्वयंसेवकांना जेवण पाठवले, त्यांचे आभार. ही मर्यादा मला जाचक वाटत नाही. ज्याने इडल्या पाठवल्या त्याचे ऋण मानायचे आणि तरी केंद्राचा आवाज त्याच्या हाती द्यायचा नाही, हे तारतम्य त्यातूनच राखले जाते.

स्टुडिओत बसण्याची वेळ आली ती त्याच शास्त्रीय संगीताच्या कार्यक्रमात. सादरकर्त्यांनीच सुचवले, की वर्षानुवर्षे ऐकणाऱ्या श्रोत्याने बोलावे. आत जाण्यापूर्वी समन्वयक बाईंनी माझ्या हाताकडे पाहिले आणि बांगड्या काढायला सांगितल्या. काचेच्या बांगड्यांची किणकिण मायक्रोफोन नेमकी पकडतो. बोलायचे मुद्दे असलेले कागदही प्लॅस्टिकच्या पाकिटांत घातलेले होते, म्हणजे पान उलटताना सळसळ होत नाही. मायक्रोफोनपासून तोंड चार बोटे दूर, थोडे तिरपे, म्हणजे प आणि फ उच्चारताना श्वासाचा फटका बसत नाही. खोकला आला तर दाबायला एक बटन असते. ते दाबून धरले की तेवढ्यापुरता आवाज बंद. टेबलावर हात आपटायचा नाही. कानांवर हेडफोन असतात आणि त्यांत आपलाच आवाज इतका जवळून ऐकू येतो, की पहिली काही वाक्ये आपण दुसऱ्याच कोणाचे तरी ऐकत आहोत असे वाटते. समोर भिंतीवर घड्याळ, कारण तास भरताना केंद्राचे संकेतनाव आणि त्यापाठोपाठ परवान्यातल्या गावाचे नाव सांगावेच लागते, मग कोणतेही बोलणे चालू असो.

पिच नेहमी दोघांनी करायची असते. एकटा माणूस पैशांविषयी सतत बोलू लागला तर ते भाषण होते. दोघे एकमेकांशी बोलू लागले की ऐकणाऱ्याला त्यात जागा मिळते. फोन क्रमांक सावकाश, सुरुवातीला आणि शेवटी दोन-दोनदा सांगायचा. अनेक श्रोत्यांना उद्देशून न बोलता, स्वयंपाक करता करता किंवा गाडी चालवताना ऐकणाऱ्या एकाच माणसाशी बोलायचे. 'आता थोडीच मिनिटे सहन करा, मग संगीत ऐकवतो' असे कधीही म्हणायचे नाही. त्याने आपल्याच विनंतीला आपण शिक्षा ठरवतो, असे सादरकर्त्यांचे म्हणणे. फोन वाजत नसताना वाजत आहेत असे सांगायचे नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे, आत्ता जे ऐकले त्याच्याशी जोडून बोलायचे.

त्या संध्याकाळी किशोरी आमोणकरांचा भूप लावलेला होता. विलंबित ख्याल हळूहळू उलगडत चाललेला आणि मोहिमेच्या वेळापत्रकानुसार ऐन मध्यात पिचची वेळ आलेली. काचेपलीकडून समन्वयक बाईंनी घड्याळाकडे बोट दाखवले. सादरकर्त्यांनी मान हलवून नकार दिला. त्यांनी संगीताचा आवाज किंचितही खाली घेतला नाही, आणि ख्याल संपेपर्यंत आम्ही दोघे काही न बोलता ऐकत बसलो. त्या वेळात फोनच्या खोलीत एकही फोन वाजला नसणार, आणि तासाचे जे उद्दिष्ट फळ्यावर लिहिले होते ते मागे पडत चालले होते. मला तो निर्णय तेव्हाही बरोबर वाटला आणि आजही वाटतो. ज्या गोष्टीसाठी पैसे मागायचे तिचाच गळा दाबून मागणे शोभत नाही.

गाणे संपले, क्षणभर शांतता राहू दिली आणि त्यांनी मायक्रोफोन सुरू करून मला विचारले, "हे तुम्ही दुसरीकडे कुठे ऐकू शकला असतात?" त्या प्रश्नावर जे सुचले तेच मी बोलले. अर्ध्या तासाच्या आसपासचा ख्याल, मध्ये एकही जाहिरात नाही, एकही तुकडा कापलेला नाही. जाहिरातीवर चालणाऱ्या केंद्राला हे परवडणारे नाही, कारण तेवढ्या वेळात त्याला मिनिटामिनिटाचा भाव मिळवायचा असतो. पुण्यात माझ्या लहानपणी संध्याकाळी आकाशवाणी लागायची आणि असे गायन घरात आपोआप भरून राहायचे. ते कोणाच्या पैशांवर चालते असा प्रश्न आम्हाला पडत नसे. इथे तो खर्च आपल्यालाच वाटून घ्यावा लागतो. ज्यांना हा भूप आत्ता ऐकून बरे वाटले त्यांनी दरमहा दहा डॉलर, म्हणजे वर्षाला १२० डॉलर, एवढा वाटा उचलावा; ज्यांना ते जमत नसेल त्यांनी पाच द्यावेत; आणि ज्यांची आज ओढाताण आहे त्यांनी काहीही न देता निःसंकोच ऐकत राहावे, कारण त्यांच्यासाठीही हे केंद्र आहे. शेवटचे वाक्य मुद्द्यांच्या कागदावर नव्हते. सादरकर्त्यांनी ते उचलून धरले आणि आपल्या शब्दांत पुन्हा सांगितले.

त्यानंतर फोन लागलीच वाजला असे झाले नाही. काचेपलीकडे फोनच्या खोलीतली मंडळी खुर्च्यांवर स्वस्थ बसलेली दिसत होती आणि आम्हाला बोलत राहायचे होते. हा काळ या कामातला सर्वांत अवघड. मनात येते, की ऐकणारे कोणीच नाही, किंवा आहेत त्यांना आपले बोलणे नकोसे झाले आहे. सादरकर्ते मात्र शांतपणे प्रक्षेपकाच्या दुरुस्तीविषयी बोलू लागले. पावसाळी वाऱ्यात डोंगरावरचा वीजपुरवठा खंडित झाला होता तेव्हा केंद्राचा तंत्रज्ञ रात्री वर जाऊन काय काय करत होता, ते त्यांनी इतके बारकाईने सांगितले, की मीही ऐकत राहिले. पैसे मागण्याचे शब्द त्यात जवळजवळ नव्हतेच. फोन वाजायला लागले ते त्या वर्णनानंतर. लोकांना आपले पैसे कुठल्या पेचापर्यंत, कुठल्या तारेपर्यंत पोहोचतात ते कळले की हात फोनकडे जातो, हे मी तिथे पाहिले.

मागण्याविषयीचा माझा संकोच सुटला तो इथे. माझे वडील आमच्या आळीतल्या सार्वजनिक गणेशोत्सव मंडळाचे खजिनदार होते. वर्गणीला गेलेल्या मुलांना दारात हमखास एक प्रश्न ऐकावा लागे, "मागच्या वर्षीचा हिशेब कुठे लावलाय?" आणि वडील तो जमाखर्च विसर्जनानंतरच्या आठवड्यात स्वच्छ अक्षरांत लिहून मंडपाशेजारच्या फळ्यावर लावत. तो फळा होता म्हणून मुलांना दारोदार जाताना मान खाली घालावी लागत नसे. रेडिओवरून मागणे हे त्याच जातीचे काम आहे. जो मागतो त्याला हिशेब द्यावा लागतो, आणि वर्षातून दोन-तीनदा उभ्या गावाला हिशेब द्यावा लागणारे केंद्र आपोआप ताळ्यावर राहते. ज्या केंद्राचा खर्च एखाद्या मोठ्या धनिकाने एकरकमी उचलला आहे, त्याला श्रोत्यांपुढे असे उभे राहण्याची गरजच उरत नाही, आणि माझ्या मते ते त्याचे नुकसान आहे.

भेटवस्तूंविषयी माझे मत थोडे वेगळे झाले आहे. ठरावीक रकमेवर टी-शर्ट, कप, कापडी पिशवी, ध्वनिमुद्रिका, मैफलीची तिकिटे देण्याची प्रथा सगळीकडे आहे आणि त्याने फोन वाढतात यात शंका नाही. पण वस्तू घेतली की करसवलतीच्या हिशेबात तिची किंमत देणगीतून वजा होते. ७५ डॉलरच्या वरच्या रकमेवर वस्तू दिली असेल तर तिची अंदाजे किंमत केंद्राने देणगीदाराला लेखी कळवावी लागते, आणि २५० डॉलर किंवा त्याहून अधिक देणगीसाठी लेखी पोच असल्याखेरीज सवलत मिळत नाही. शिवाय वस्तू मागवणे, त्या पाकिटांत भरणे आणि टपालाने धाडणे यांत स्वयंसेवकांचे कित्येक तास जातात. पिचमध्ये बोलणारा माणूसही नकळत पिशवीच्या शिलाईवर आणि कपाच्या रंगावर घसरतो. माझ्या समोर आलेल्या अर्जांत भेटवस्तूच्या रकान्यात 'नको' असे सांगणारे श्रोते भरपूर होते. त्यांना पिशवी नको होती, त्यांना भूप हवा होता.

या सगळ्यात भारतातल्या सामुदायिक रेडिओची आठवण येणे साहजिक होते. १९९५ च्या निकालात रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. २००४ मध्ये चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचे केंद्र सुरू झाले आणि २००६ च्या धोरणाने स्वयंसेवी संस्थांनाही परवाना मिळू लागला. साताऱ्याच्या दुष्काळी पट्ट्यात म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी चालते, बारामतीला वसुंधरा वाहिनी आहे, पुणे विद्यापीठाची विद्यावाणी आहे. तिकडचे नियम वेगळे आहेत: केंद्राची शक्ती १०० वॉटपुरती, स्वतःच्या बातम्या देण्यावर बंधन, पण मर्यादित जाहिरातींना मात्र मुभा. ती मुभा सुरुवातीला तासाला ५ मिनिटांची होती, पुढे वाढली. तरीही गावच्या केंद्राला पुरेशा जाहिराती कोण देणार? वारीत अन्नदान करणाऱ्या, जत्रेला पट्टी भरणाऱ्या आणि शाळेच्या खोलीसाठी लोकवर्गणी काढणाऱ्या आपल्या गावांना, केंद्रानेच थेट हिशेब मांडून वाटा मागितला तर तो परका वाटणार नाही, असे मला ठामपणे वाटते. रोख रक्कम देणे जड असेल तिथे ज्वारीची पायली किंवा जनरेटरसाठी डिझेल हाही वाटाच ठरेल.

मोहीम संपल्यावर काम संपत नाही. ज्यांनी पुढे देण्याचे कबूल केले होते त्यांना पत्रे जातात, देणगीची पोच जाते, आणि आमच्या केंद्रावर प्रत्येक नव्या देणगीदाराला हाताने लिहिलेले दोन ओळींचे आभारपत्र पाठवण्याची रीत आहे. त्या पत्रांच्या संध्याकाळी मी मुद्दाम जाते. अर्जावरच्या शेऱ्यांच्या रकान्यात लोकांनी जे सांगितलेले असते ते वाचून त्याप्रमाणे पत्र लिहायचे असते. रात्रपाळीच्या एका परिचारिकेने सांगितले होते, की पहाटे घरी परतताना लागणारी चर्चमधली गाणी ऐकूनच ती जागी राहते. एका ट्रकचालकाने नुसते 'सगळेच' असे लिहवून घेतले होते आणि दरमहा पाच डॉलर लावले होते. दरमहाच्या या लहान रकमा केंद्राला सर्वांत अधिक आधार देतात, कारण मनोऱ्याचे भाडेही दरमहाच भरावे लागते.

वसंतातल्या मोहिमेसाठी मी पुन्हा नाव दिले आहे. समन्वयक बाईंना मी एक लेखी सूचनाही केली: बैठकीत स्वयंसेवकांना जो खर्चाचा कागद देतात, तोच सोप्या भाषेत करून दर पिचच्या आधी एक-एक रकमेनिशी वाचावा, आणि मोहीम संपल्याच्या पुढच्या आठवड्यात प्रत्येक कार्यक्रमात जमा किती झाली आणि ती कशावर जाणार ते सांगावे. त्यांना कल्पना पटली. शास्त्रीय संगीताच्या कार्यक्रमापुरता हा प्रयोग करायला सादरकर्ते तयार आहेत, आणि बाकीच्यांविषयी संचालक मंडळाच्या पुढच्या बैठकीत ठरेल.